पूर्वसंचित कुणाचं?

मामी आधी गेली, २००१ साली. मामा तिच्यामागून दोन वर्षांनी. रोग मामाचा होता, त्याच्याकडून तो तिला लग्नानंतर मिळाला. म्हणजे तिच्या अंगात तो उशिरा शिरला नि तिला त्यानं लवकर नेलं. मी तेव्हा एवढासा, हे सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. पण हा उलटा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. सूतगिरणीत रात्रपाळीला मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, विचार तेवढा करता येतो, नि माझा विचार फिरून फिरून इथंच येतो. विषाणू एकच. त्याच्या रक्तातला तिच्या रक्तात गेलेला. वयानं मामा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. मग ती आधी का?

वाडीत ह्याचं उत्तर तयार होतं. आजी, म्हणजे मामाची आई, म्हणायची, "त्यानं केलान ता त्यानं भोगलान. तिचा नशीबच फुटका." त्याचं कर्म, तिचं नशीब. संपलं. आजीला अक्षर येत नव्हतं, पोटचा मुलगा नि सून दोन वर्षांत गमावलेली बाई, तिला मी काय बोलू?

पण यंदा जयंतीच्या तयारीची बैठक होती लांज्याला. व्याख्यानांचे विषय ठरत होते. कुणीतरी म्हणालं, एड्सवर एक ठेवूया. आमच्यातलाच एक, शिकलेला, पुढे बसणारा, पटकन म्हणाला, "एड्सवर बोलायचं तर चारित्र्यावर बोला. वाकडं वागला त्याला झालं. बाकी बोलायला काय आहे त्यात?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही गप्प बसलो. मामाचं नाव घेतलं असतं तर माझ्याकडे कसं बघितलं गेलं असतं हे मला ठाऊक होतं. हा लेख मंजे त्या गप्प बसण्याची परतफेड आहे असं समजा.

दोस्तांनो, आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला देव सोडले, श्राद्ध सोडलं. कर्मविपाक मात्र आपण मागच्या दाराने घरात ठेवून घेतलाय, नि आजारपण आलं की तो बाहेर येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली निघाला. त्यात त्यांनी ह्या प्रश्नाला सरळ हात घातलाय. आपण जे करतो त्याचे परिणाम होतात, ह्या अर्थाचं कर्म त्यांना मान्य. मागच्या जन्मीचं गाठोडं ह्या जन्मी माणसाच्या डोक्यावर येतं, हे त्यांनी साफ नाकारलं. नि असला सिद्धांत कुणाच्या फायद्याचा, हेही सांगून टाकलं: गरिबाच्या हालांची जबाबदारी राज्याला नि समाजाला झटकता यावी, एवढ्यासाठीच तो आहे.

इथवर आपण सगळे एकमताने टाळ्या वाजवू. माझी अडचण पुढे आहे. मी ह्या रोगाबद्दल वाचायला लागलो, मिळेल ते, समजेल तेवढं, शब्दकोश शेजारी ठेवून. नि वाचता वाचता चमकलो. कारण शास्त्रसुद्धा म्हणतं, आधीचं ठरवतं. विषाणू शिरण्याआधी शरीराची प्रतिकारव्यवस्था कशी होती, ह्यावर पुढे रोग किती वेगाने चालणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असतं. पूर्वसंचितच की हे! फक्त जन्म एकच. मग आजी बरोबर होती काय?

जरा सावकाश बघूया.

एचआयव्ही शिरतो तो रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींत, सीडी-४ म्हणतात त्यांना. ह्या पेशी स्वतः फारशा लढत नाहीत, लढणाऱ्यांना उठवतात, कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवतात. आमच्या खात्यातल्या मुकादमासारख्या, फरक इतकाच की ह्यांच्यावाचून काम खरंच अडतं. निरोगी माणसाच्या एका घनमिलीमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. बघा, इथंच केवढा फरक आहे. विषाणू आत आला की पहिल्या काही महिन्यांत शरीर त्याला एका पातळीवर रोखून धरतं. ती पातळी जितकी खाली, तितकी माणसाच्या हातातली वर्षं जास्त. मग पेशी वर्षाला थोड्या थोड्या घटत जातात. २०० च्या खाली आल्या की शरीराचं दार उघडं पडतं नि क्षय, बुरशी, न्यूमोनिया आत येतात.

आता नुसता कागदावरचा हिशेब धरा. दोन माणसं, दोघांच्या वर्षाला ६० पेशी घटतात. एकाची सुरुवात १००० पासून, दुसऱ्याची ६०० पासून. पहिल्याला २०० वर यायला तेरा वर्षं लागतील. दुसऱ्याला सात वर्षंही नाहीत. दोघांच्या वागण्यात काडीचा फरक नाही. फरक पडला तो विषाणू येण्याआधी. खऱ्या शरीरात हा हिशेब इतका सरळ चालत नाही, पण दिशा हीच.

वयाचंही तसंच. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या तेरा हजार लोकांची माहिती एकत्र करून २००० साली एक मोठा अभ्यास निघाला. औषधं पुरेशी नव्हती त्या काळातली ती माणसं. १५ ते २४ वयात लागण झालेले निम्मे लोक साडेबारा वर्षं किंवा त्याहून जास्त जगले. ४५ ते ५४ वयात लागण झालेल्यांसाठी हाच आकडा आठ वर्षांच्याही आत. तरुण शरीर जास्त टिकतं. मामी लग्नात एकवीस वर्षांची होती. ह्या नियमाने तर मामा आधी जायला हवा होता.

तर मग वयापलीकडे काय? इथं मला सगळ्यात धडा देणारी गोष्ट सापडली. आम्स्टरडॅम शहरात १९८४ पासून पुरुषांचा एक गट डॉक्टरांच्या नजरेखाली होता. त्यांचं रक्त ठरावीक काळाने घेऊन साठवलं जाई, रोग नसलेल्यांचंसुद्धा. पुढे त्यांतल्या काहींना लागण झाली. तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं आधीचं, निरोगी असतानाचं रक्त बाहेर काढून तपासलं. २००३ साली त्यांनी जे छापलं त्यात दोन गोष्टी होत्या. ज्यांच्या सीडी-४ पेशी लागण होण्याआधीच कमी होत्या ते लवकर एड्सपर्यंत गेले. नि ज्यांची प्रतिकारव्यवस्था लागण होण्याआधीच चेतलेली, सतत जागी होती, तेही लवकर गेले.

दुसरी गोष्ट परत वाचा. आपल्याला वाटतं प्रतिकारशक्ती मंजे ताकद, जितकी जास्त तितकी बरी. २०२० साली करोनात तर ताकदीच्या नावाखाली काढे नि चूर्णं विकून माणसं गब्बर झाली. पण खरं प्रकरण वेगळं आहे. चेतलेली पेशी मंजे विषाणूचं जेवण. झोपलेल्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही, कामाला जुंपलेल्या पेशीत तो भराभर वाढतो. जे शरीर आधीच रोज कुणाशी ना कुणाशी लढतंय, पोटातल्या जंतांशी, घाणेरड्या पाण्याशी, छातीतल्या जुन्या क्षयाशी, त्या शरीरात विषाणूला पंगत वाढलेलीच असते. शिवाय अशी व्यवस्था झिजते. रोज डबल पाळी करणारा माणूस चाळिशीत म्हातारा दिसतो तसं.

आता सांगा, रोज लढायला लावलेलं शरीर कुणाचं असतं?

मी ह्या जागी येऊन थांबलो नि मामीचं आयुष्य उलट्या बाजूने वाचायला घेतलं. आईला विचारलं, मामीच्या थोरल्या बहिणीला विचारलं. कळलं ते असं.

मामीचा बाप मुंबईला गिरणीत होता, सूतखात्यात. आपल्या लोकांना विणाईखातं जुन्या काळी बंद होतं हे तुम्हाला माहीत असेल. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढावं लागे, नि आपल्या तोंडाचं सूत दुसऱ्या मागवाल्यांना चालत नसे. विणाईत पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पुढे कायदे झाले, पण बाप ज्या खात्यात तिथंच पोरगा चिकटवायचा, ही रीत राहिली. रत्नागिरीची माणसं गावकीच्या खोलीत राहायची. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे, एक उठला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा आडवा. क्षयाच्या जंतूला याहून बरी जागा कुठली?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संप फसला तो असा की तो मिटला असं कधी कुणी म्हटलंच नाही. मामीचा बाप इतर हजारोंसारखा गावी परतला, खोकला घेऊन. मामी तेव्हा दहा वर्षांची. मनीऑर्डर बंद. कोकणातलं वर्ष कसं असतं ते मी सांगायला नको. ज्येष्ठ-आषाढात कणग रिकामी होते, लावणीचं काम मात्र तेव्हाच सगळ्यात जड. पेजेत भाताची शितं मोजावी लागायची असं थोरली सांगते. एका खोलीच्या घरात बाप खोकत होता नि पोरी त्याच्या बाजूला झोपत होत्या. दोन वर्षांनी तो गेला. मामीला तेव्हा काही झालं नाही. मंजे दिसलं नाही.

क्षयाचा जंतू असाच असतो. शिरतो नि छातीत झोपून राहतो. अशा माणसांतल्या साधारण दहातल्या एकालाच तो जन्मभरात कधीतरी उठून त्रास देतो. एचआयव्ही आला नि औषध नसलं की तेवढाच धोका एक-दोन वर्षांत समोर उभा राहतो. उठलेला क्षय परत एचआयव्हीला वाढवतो, एचआयव्ही क्षयाला. मामी गेली ती क्षयानेच. म्हणजे तिला नेणारा जंतू नवऱ्याने आणलेलाच नव्हता. तो तिच्या छातीत बहुधा १९८२-८३ पासून मुक्काम करून होता, गिरणगावातल्या त्या खोलीतून आलेला. नवऱ्याने आणलेल्या विषाणूने फक्त त्याचं दार उघडलं.

ह्यात भर घाला: तीन बाळंतपणं, त्यातलं एक मूल गेलेलं. अंगात रक्त कमी, हे प्रत्येक बाळंतपणात नर्सबाईने सांगितलेलं. घरात सगळ्यात शेवटी जेवायची. मामा ट्रकवर, आधी क्लीनर मग ड्रायव्हर, मुंबई-गोवा हायवेवर चिरा नि आंब्याच्या पेट्या वाहायचा. त्याला धाब्यावर मटण-अंडी मिळत होती. घरी आला की कोंबडी त्याच्यासाठी कापली जायची. तिच्या ताटात रस्सा.

एका जोडप्यावरून शास्त्र होत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण वाडीने एका जोडप्यावरून नीतिशास्त्र तयार केलं होतं, त्याला उत्तर द्यायला एक जोडपं पुरे. पाप मोजून मरण देणारा कुणी हिशेबनीस असता तर त्याने मामाला आधी उचललं असतं. उचललं मामीला. म्हणजे हिशेब पापाचा नव्हता. हिशेब भाताच्या शितांचा होता.

पुण्याला भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. त्यांच्या लोकांनी पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षं तपासणी केली. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर नि त्यांच्या सोबत्यांनी जे प्रसिद्ध केलं ते आपल्या चारित्र्यवाल्यांनी वाचावं. तिथं आलेल्या, धंदा न करणाऱ्या बायकांपैकी १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही होता. त्यांतल्या अनेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नव्हता. लग्न हेच त्यांचं वाकडं पाऊल! २००२ साली पुण्याच्याच डॉक्टरांनी, नुकतीच लागण झालेल्या आपल्याकडच्या माणसांत रोग झपाट्याने पुढे सरकतो, असंही नोंदवलं. विषाणूची जात आपल्याकडे वेगळी आहे हे खरं. पण ज्या शरीरांत तो उतरला त्या शरीरांचीही चौकशी व्हायला हवी, असं मला वाटतं.

आफ्रिकेत गांबिया नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या खेड्यांत आपल्या कोकणासारखेच पावसाळ्यात उपासाचे महिने येतात, जुनं धान्य संपलेलं, नवं यायचंय. तिथं जन्ममृत्यूच्या नोंदी चांगल्या ठेवल्या होत्या. १९९७ साली त्यावरून असं दिसलं की उपासाच्या मोसमात जन्मलेली माणसं पंधरा वर्षांची होईपर्यंत इतरांसारखीच, पण त्यानंतर त्यांच्यात मरणाचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त. मरणं मुख्यतः संसर्गाची. पोटात असताना आईच्या उपासाने मुलाची प्रतिकारव्यवस्थाच कच्ची घडते, असा तर्क डॉक्टरांनी केला. बांगलादेशात पुढे तसाच शोध घेतला तेव्हा हे दिसलं नाही, म्हणून मी ह्यावर फार भार टाकत नाही. तरी वाचताना अंगावर काटा आला. जन्मवेळ पाहून भविष्य सांगणाऱ्या भटाची आपण टर उडवतो. त्याला ग्रहांत जे दिसतं ते इथं आईच्या रिकाम्या ताटात होतं.

नि आता माझ्या स्वतःच्या पोटाकडे, खरं तर छातीकडे. मी साखरप्यावरून आंबा घाट चढून इचलकरंजीकडे कामाला जातो, महिन्या-दीड महिन्याने गावी येतो. पाळी सुटल्यावर नाक शिंकरलं की कापूस निघतो. कापसाच्या धुळीत नुसता कापूस नसतो, जंतूंच्या कवचातलं एक विष असतं, ते फुप्फुसात गेलं की शरीर चेततं, सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते ती त्यानेच. एचआयव्ही झालेल्या माणसाचं आतडं झिरपायला लागतं नि आतल्या जंतूंचं तेच विष रक्तात उतरतं, प्रतिकारव्यवस्था कायमची जागी राहते, हे २००६ पासून चांगलंच कळून आलंय. एक विष, दोन वाटा. धुळीने एचआयव्ही वाढतो असा दावा मी करत नाही. मला एवढंच म्हणायचंय की गिरणीत शिरताना मी जो होतो तो आता नाही, नि माझा हा बदल कुठल्याच रजिस्टरात लिहिलेला नाही. उद्या मला काही झालं तर डॉक्टर विचारतील, दारू? तंबाखू? बाया? मालक कोण, असं कुणी विचारणार नाही.

तर आजीचं नि शास्त्राचं जे जमल्यासारखं दिसत होतं ते इथं फुटतं. दोघंही म्हणतात, आधीचं ठरवतं. आजीचं आधीचं मंजे तुझ्याच मागल्या जन्मीचं, म्हणून तूच जबाबदार नि आता काही बदलता येत नाही. शास्त्राचं आधीचं ह्याच जन्मातलं, बरंचसं दुसऱ्यांनी घडवलेलं, नि बदलता येणारं.

बदलता येतं ह्याचा पुरावा झारखंडातून आलाय. तिथल्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्यांवर मोठा प्रयोग झाला, २०२३ साली प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव नि त्यांचे सोबती. दहा हजारांहून जास्त माणसं. अर्ध्या घरांत रोग्यासोबत घरच्या प्रत्येकालाही महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सहा महिने. अर्ध्या घरांत फक्त रोग्याला. ज्या घरी सगळ्यांना डाळ-तांदूळ मिळाले तिथं नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. फुप्फुसाचा, थुंकीतून पसरणारा, तो तर ४८ टक्क्यांनी. दीड किलो डाळ, दोस्तांनो. मामीच्या घरी १९८३ साली ती आली असती तर? असा प्रश्न विचारू नये म्हणतात. मी विचारतो.

सावध मात्र राहायला हवं. नव्या कपड्यात जुनं कर्म येऊ शकतं. काही माणसांच्या रक्तातच अशी खूण असते की विषाणू त्यांच्यात औषधाशिवाय दबून राहतो, शंभरात एखादा असा निघतो. उत्तर युरोपातल्या थोड्या लोकांच्या पेशींना विषाणू शिरण्याचं ते एक दारच जन्मतः नाही. आपल्या लोकांत हा प्रकार जवळपास सापडत नाही. हे सगळं खरं आहे. पण उद्या कुणी म्हणेल, बघा, हे सगळं जन्मावरच ठरलेलं, ह्या लोकांचं रक्तच कमजोर. आपल्याला रक्ताची भाषा नवी नाही. रक्त रक्त करत दोन हजार वर्षं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं. तेव्हा कुणी शरीराच्या आधीबद्दल बोलायला लागला की त्याला विचारायचं, कुठल्या आधीबद्दल बोलतोस? जीन्सच्या की जेवणाच्या?

आता औषधाचं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आपलं राज्य पहिल्या सहांत होतं. मामा गेला २००३ साली. त्याआधी, २००१ सालीच, मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा डोस आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला साडेतीनशे डॉलरला देऊ केला होता. औषध मुंबईत होतं. गावकीच्या खोल्यांपासून फार लांब नव्हतं. ते मामीच्या वर्षातही होतं, मामाच्या वर्षातही होतं, ह्या दोघांसाठी नव्हतं. हेही आधीचंच नाही का? शरीर विषाणूला भेटण्याआधी समाजाने ठरवून ठेवलेलं की कुणाला काय पोचेल.

सुरुवातीला फुकट औषधाला अट होती, पेशी २०० च्या आसपास घसरलेल्या हव्यात. २०१५ साली जगभरातल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या प्रयोगातून दिसलं की वाट न बघता लगेच औषध सुरू केलं तर गंभीर आजार नि मरणं निम्म्याहून खाली येतात. २०१७ पासून आपल्याकडेही रोग कळला की लगेच गोळी. वेळेवर गोळी सुरू झाली की आधीच्या शरीराचं ओझं पुष्कळ हलकं होतं. उशीर झाला की मात्र ते परत मानेवर बसतं, कारण फार खाली गेलेल्या पेशी पुरत्या वर येत नाहीत. नि उशीर कुणाला होतो? ज्याला वाडीची भीती वाटते त्याला. आपण चारित्र्यावर व्याख्यान ठेवलं की तपासणीला जाणारा एक माणूस घरी बसतो. एवढा त्या व्याख्यानाचा परिणाम.

एक प्रश्न राहतो, तो मी टाळणार नाही. मग मामाचं काय? तो निर्दोष? बैठकीतला मित्र हेच विचारील. माझं उत्तर असं की मामाने मामीला सांगितलं नाही. आई म्हणते, त्याला एका मोठ्या दवाखान्यात कळलं होतं, तिथं त्याला खाटेवरून उठवून व्हरांड्यात झोपवलं म्हणून तो पळून आला, नि कुणालाच बोलला नाही. भीतीने बोलला नाही हे समजू शकतं. तरी तो तिच्याशी चुकला. त्याचं कर्म मी पुसत नाही. पण ते कर्म इतकंच की त्याने तिला विषाणू दिला नि सांगितलं नाही. ती एकोणतिसाव्या वर्षी गेली, चाळीस-पन्नासपर्यंत रेटली नाही, ह्यात त्याच्या जोडीला इतर पुष्कळ हात आहेत. गिरणीची खोली, बंद पडलेली मनीऑर्डर, शेवटी वाढलेलं ताट, मुंबईत असून न पोचलेली गोळी. एकट्या मामाला धरलं की हे सगळे हात सुटतात. अपराध वाटला गेला मंजे कमी झाला असं नाही. उलट आपल्याही वाट्याला काही येतो, नि तोच आपल्याला नकोय.

गिरणीत माझ्या बाजूच्या मशीनवर एक जण आहे, रोज रात्री डबा खाल्ल्यावर एक गोळी घेतो. तीन औषधं एकात. त्याच्या रक्तात विषाणू आता सापडत नाही, बायकोला त्याच्यापासून धोका नाही, मूल निरोगी. मला त्याने सांगितलं तेव्हा मी त्याला मामाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझ्या मामीला टीबी होता ना? मलापण आधी तोच निघाला. डॉक्टर म्हणाले, नशीब की लवकर आलास." मी म्हटलं, नशीब म्हणू नको. तो हसला, म्हणाला, बरं बाबा, एसटी वेळेवर मिळाली म्हणतो.

मंडळाला मी कळवलंय, व्याख्यान मी देतो, विषय माझा. वीस मिनिटं मिळालीत, गाण्यांच्या आधी. चारित्र्यावर बोलणार नाही. पाच वाड्यांतल्या क्षयाच्या घरांची यादी करून नेणार आहे नि प्रत्येक घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते विचारून लिहिणार आहे. यादीत पहिलं घर आमचं. आईला दिवाळीपासून टीबीच्या गोळ्या चालू आहेत. रोग्याच्या जेवणासाठी सरकारचे महिन्याला हजार रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते. आई त्यांची अंडी आणते. मागल्या खेपेला गावी गेलो तेव्हा तिने दोन उकडून माझ्या ताटात वाढली. मी दिवसभराच्या प्रवासाने भुकेला होतो. कुठली अंडी हे विचारलं तेव्हा खाऊन झाली होती.